विचारणारं माणूस

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक आकडा नेमाने येतो. धरणात किती पाणी उरले, सोयाबीनला काय भाव निघाला, याच्या आसपासच तो असतो: या सहामाहीत, या वर्षात आठ जिल्ह्यांतल्या किती शेतकऱ्यांनी जीवन संपवले. परीक्षांचे निकाल लागले की त्यात कोवळ्या वयाची नावे मिसळतात. देशाचा हिशेब राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो ठेवतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसे अशी गेली. त्यांतली २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. हे आकडे छापलेच पाहिजेत. पण त्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलेल्या माणसांसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही, आणि ती माणसे गेलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. ती मोंढ्यात भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात, एसटीत आपल्या बाजूच्या सीटवर डुलकी घेतात. मी त्यांच्यातला एक आहे.

हे लिहावे की नाही, यावर मी बरीच वर्षे विचार केला. अशा लिखाणाने एखाद्या खचलेल्या वाचकाच्या मनात नको ते बळावेल, ही भीती होती. मग व्हिएन्नाच्या थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१० सालचे संशोधन वाचनात आले. त्यांनी ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांचा मजकूर तपासला. मृत्यूची रसभरीत, वारंवार छापलेली वर्णने घातक ठरतात, हे आधीपासून माहीत होते. पण मरणाचे विचार येऊनही माणूस त्यातून कसा सावरला, हे सांगणारा मजकूर छापून आला की नंतरच्या दिवसांत आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधला पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला दुसरी वाट दाखवतात. त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणून हे लिहितो आहे, आणि जे सांगायचे ते सावरण्याबद्दल.

माझे गाव नांदेड जिल्ह्यात, लोह्याच्या पुढे. तिथून लातूरला जायचे तर अहमदपूर, चाकूर करत एसटी जाते. याच रस्त्याने दरवर्षी जूनमध्ये हजारो मुले लोखंडी पेटी आणि गादीची वळकटी घेऊन लातूरला उतरतात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी गुणवत्ता यादीत मुले आणली, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले आणि शहराचे अर्थकारणच त्यावर उभे राहिले. क्लास, रूम, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स. मीही बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशासाठी रिपीट करायला तिथे राहिलो, २०१५-१६ च्या वर्षात.

ते वर्ष ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. मांजरा धरण कोरडे पडले, लातूरच्या नळांचे पाणी थांबले. मार्चमध्ये टँकर भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. रूमवर आम्ही पाण्याचे जार वाटून घेत होतो. गावाकडे वडिलांचे, अप्पांचे, सोयाबीन दोन्ही हंगाम गेले होते. फोनवर ते एकच वाक्य म्हणायचे, “पैशाचं तू बघू नको, तू निस्ता अभ्यास कर.” मीही एकच उत्तर द्यायचो, “अभ्यास चांगला चाललाय.” त्या दोन वाक्यांत दोघांनीही काहीच सांगितलेले नसायचे.

टेस्ट सिरीजमधली माझी रँक घसरत होती. झोप उडाली होती. पुस्तक उघडे आणि नजर एका ओळीवर, असे तासन्‌तास जायचे. मेसचा डबा तसाच परत जायचा. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वरच होतील असा आदेश दिला, तरी आम्ही ५ मेला राज्याची सीईटी दिली. ९ मेला कळले की ती धरलीच जाणार नाही. पुढे २४ मेला अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती सूट मिळाली. मधल्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत मुलांचे चेहरे बघवत नव्हते. पण माझ्या मनाचे जे झाले ते एका निकालाने झाले नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. ‘अमुक गुण कमी पडले म्हणून’ अशी एका ओळीत कारणे देणारी बातमी जवळजवळ नेहमीच अपुरी असते. दुष्काळ, कर्ज, उडालेली झोप, आतून वाढत गेलेले नैराश्य आणि कोणाला काही न सांगण्याची सवय, हे सगळे महिनोन्‌महिने साचत आलेले असते.

त्या दिवसांत मी मनात एक हिशेब मांडायचो. क्लासची फी, रूमचे भाडे, मेस, जार. डाव्या बाजूला खर्च आणि उजव्या बाजूला मी. मी नसलो तर हा खर्च वाचेल, घर सुटेल. हा हिशेब मला इतका बरोबर वाटायचा की त्यात भावनेचा लवलेश नव्हता. आजारी मनाची हीच खूण आहे, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. दृष्टी अरुंद होते, बाकीच्या वाटा दिसेनाशा होतात आणि जे उरते त्याला मन तर्क समजते. त्या हिशेबात माय नव्हती. माझ्यानंतर अप्पांना एक पेरणी तरी करवली असती का, हा प्रश्न नव्हता. पुढच्या दिवाळीची, दहा वर्षांनंतरची एकही गोष्ट नव्हती. ज्या घराचे ओझे उतरवायला मी निघालो होतो, त्या घरावर जन्मभर न उतरणारे ओझे ठेवून जाणार होतो. हिशेब साफ चुकीचा होता, पण तो तपासायला दुसरे माणूस जवळ नव्हते.

मग एका रात्री ते माणूस बोलले. माझा रूममेट निलंगा तालुक्यातला. अभ्यासात माझ्यापेक्षा मागे, बोलायला फटकळ. लाईट बंद झाल्यावर तो अंधारातच म्हणाला, “तू काही दिवसांपासून लई गप हाईस. खरं सांग, तुला जगू वाटंना झालंय का? जीव द्यायचा इचार येलालाय का मनात?”

इतके थेट मला कोणी विचारले नव्हते. ‘टेन्शन घेऊ नको’, ‘मन घट्ट कर’, ‘आईबापाचं तोंड बघ’, हे सगळे ऐकून झाले होते. ते ऐकले की मी आणखी आत जायचो, कारण त्यात मला काय होते आहे हे कोणी विचारतच नव्हते. त्याच्या प्रश्नाला मात्र फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे होती. मी ‘हो’ म्हणालो आणि रडलो.

तो म्हणाला, “बरं झालं सांगितलास. आता मी हितंच हाय.” एवढेच. त्याने उपदेश केला नाही, मला भित्रा म्हटले नाही, शपथा घातल्या नाहीत. रात्रभर जागा राहिला. मला एकटे सोडायचे नाही आणि धोक्याचे काही जवळ राहू द्यायचे नाही, एवढे त्याला कोणी न शिकवता कळले होते. ‘कोणाला सांगू नको’ असे मी विनवले. त्याने ऐकले नाही. पहाटे माझ्याच मोबाईलवरून त्याने अप्पांना फोन लावला. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आज वाटते, मैत्रीत पाळायची सगळी गुपिते सारखी नसतात. हे एक गुपित मोडावेच लागते.

विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार शिरेल, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. जगभरच्या अभ्यासांनी ती खोटी ठरवली आहे. सरळ आणि काळजीने विचारले की विचार वाढत नाहीत. उलट आत कोंडलेल्याला पहिल्यांदा श्वास घेता येतो. आपल्या परंपरेत याचे एक उदाहरण आहे. लोकांच्या बोलांनी दुखावलेल्या ज्ञानेश्वरांनी दार लावून घेतले, तेव्हा धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून त्यांना साद घालत राहिली, अशी आठवण ताटीच्या अभंगांमागे सांगतात. आपण ते अभंग तत्त्वज्ञान म्हणून ऐकतो. मला त्यांत आधी दिसते ती दारातून न हललेली बहीण. तिने दार फोडले नाही आणि ती घरीही गेली नाही.

सकाळी आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. दहा रुपयांचा केसपेपर काढताना खिडकीपाशी माझे पाय थरथरत होते. आपल्याला ‘तसला’ पेशंट म्हणतील, ही एक भीती. मित्राला दुसरी होती. त्याने हळूच विचारले, “पोलीस केस तर होत नाही ना?” हा प्रश्न आजही लोक विचारतात म्हणून थोडे सांगतो. नुसता विचार मनात येणे हा आपल्याकडे कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न करणे हा इंग्रजांच्या काळापासून कलम ३०९ खाली गुन्हा होता. मुंबई पोलीस दलातले शिपाई मारुती श्रीपती दुबळ यांच्या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या लेखणीतून, हे कलम घटनाबाह्य ठरवले. दुबळ अपघातानंतर मानसिक आजाराशी झगडत होते आणि अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते, हा त्या निकालाचा गाभा होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा वैध मानले. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी किंवा त्याला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न, एवढाच अपवाद आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

डॉक्टरांनी घाई केली नाही. नैराश्य हा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील आणि तोवर एकटे राहायचे नाही, हे त्यांनी तीनदा तरी सांगितले. दुपारी अप्पा आले. लोह्याहून मिळेल त्या गाडीने, धोतराला वाटेतली धूळ तशीच. मला वाटले होते, रागावतील. ते बाकावर शेजारी बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लेकरा, म्हैन्यामागं आशाताई आल्ती घरी. तिनं इचारलं, मनात वाईटवंगाळ इचार येतेत का? म्या नाही म्हणलो. पर रातभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिशी तिच्याकडं जाऊन सांगितलो, येतेत म्हणून.”

राज्य सरकारने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा, अशा चौदा जिल्ह्यांत. त्यात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी जाऊन अशी विचारपूस करत, खचलेल्या शेतकऱ्याला समुपदेशनाकडे नेत. त्या विचारपुशीत अप्पा सापडले होते. त्यांनी मला सांगितले नव्हते, कारण माझा अभ्यास बिघडला असता. मी त्यांना सांगितले नव्हते, कारण दुष्काळात त्यांना आणखी घोर लागला असता. एकाच एसटीच्या रस्त्याच्या दोन टोकांना बसून बाप आणि लेक एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते, आणि दोघांच्याही लपवण्यात माया होती.

आमच्या भागातली ही खरी अडचण आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. माणसांना एकमेकांची पर्वा नाही, असे इथे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, सुमारे दहा हजार माणसे गेली, तेव्हा शेजारच्या गावांतली माणसे हाताने दगड उपसत होती. दिसणाऱ्या ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे आपण धावतो. न दिसणाऱ्या ढिगाऱ्याखालचा माणूस ‘माझ्यामुळे कोणाला त्रास नको’ म्हणून हाक देत नाही, आणि वरचा ‘उगाच कशाला खपली काढा’ म्हणून विचारत नाही. मायेपोटी पाळलेली ही शांतता घराघरांत जीव घेते.

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी आधी झोप आली, मग भूक, आणि बऱ्याच दिवसांनी पुस्तकात मन. मित्र लातुरातच राहिला, मी गावी गेलो. रोज संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा, “काय करलालास?” कधी मी उत्तर द्यायचो, कधी नाही. मेसेज यायचा थांबला नाही. जेरोम मोटो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत केलेला प्रयोग मी पुढे वाचला. रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारणाऱ्या काही रुग्णांना त्यांनी अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रे पाठवली. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, एवढाच मजकूर, उत्तराची सक्ती नाही. ज्यांना पत्रे गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. निलंग्याच्या माझ्या मित्राने हे संशोधन वाचलेले नव्हते.

मी डॉक्टर झालो नाही. नांदेडला बी.एस्सी. केले, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून एम.एस्सी. केले आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मरणाचे विचार एकदा गेले म्हणजे कायमचे गेले, असे मी सांगणार नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातली माणसे गेली तेव्हा ते पुन्हा आले. हा ताप आहे. तो चढतो, उतरतो आणि उतरतोच, हे एव्हाना मला माहीत होते. वहीच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहून घेतलेले होते: कोणत्या खुणा दिसल्या की सावध व्हायचे, कोणाला आधी फोन करायचा, कुठे जाऊन बसायचे, कोणत्या दवाखान्यात जायचे. मी ते पान उघडले आणि क्रमाने करत गेलो. निर्बंध उठल्यावर मित्र मला नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये घेऊन जायचा. पंगतीत बसलेल्याला तिथे कोणी धर्म विचारत नाही, गाव विचारत नाही, रँक विचारत नाही. ताट पुढे येते. पोळ्या लाटायला, भांडी घासायला हात लागतात, तेही आम्ही करायचो. भल्या मोठ्या परातीसमोर बसून अनोळखी माणसांबरोबर काम करताना माझे मन पुष्कळ शांत झाले.

एवढे सांगून थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. समुपदेशनाने सोयाबीनचा भाव वाढत नाही, खासगी सावकाराचे व्याज कमी होत नाही. शेतकऱ्याला जगवायचे तर भाव, पाणी आणि कर्ज यांचे प्रश्न सोडवावे लागतील. मुलांना जगवायचे तर पहिल्या दहांचे फोटो लावलेल्या फलकांचे लातूर शहर त्या फलकांवर नसलेल्यांचेही व्हावे लागेल. धोरणाने माणसे वाचतात. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली आणि पुढे बारावीलाही ती सोय आली, तेव्हा ‘वर्ष वाया गेले’ हा घाव अनेक घरांवरून टळला. कोचिंग क्लासनी समुपदेशन द्यावे, गुणांची खोटी आमिषे दाखवू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. नांदेड-लातूरच्या प्रत्येक पालकाने फी भरण्याआधी विचारावे: तुमचा समुपदेशक कोण, आणि तो मुलांना कुठे, कधी भेटतो?

आता दोन शब्द थेट. हे वाचताना तुमच्या मनात तसले विचार असतील, तर आजच एका माणसाला सांगा. मोठे शब्द लागत नाहीत. ‘मला जगू वाटंना झालंय, माझ्याजवळ बस’, एवढे पुरे. जवळ कोणी नसेल तर १४४१६ लावा. ही ‘टेली मानस’ची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, रात्रंदिवस आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. विचार फार तीव्र असतील तर एकटे थांबू नका, कोणाला तरी घेऊन थेट तिथे किंवा जवळच्या दवाखान्यात जा. आत्ता जो हिशेब तुम्हाला बरोबर वाटतो आहे तो तुमच्या आजाराने मांडलेला आहे. तो दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय त्यावर काहीही ठरवू नका.

आणि तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी अलीकडे फार गप्प झाले असेल, जेवण टाकत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘माझं काय राहिलंय आता’ असे म्हणत असेल, तर चार दिवस वाट पाहू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा. उत्तर ‘नाही’ आले तर तुमचे काही बिघडत नाही. ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि दवाखान्यात सोबत जा. मला असे एकाने विचारले होते, म्हणून मी आज आहे. अप्पाही आहेत. यंदा त्यांनी पुन्हा सोयाबीन पेरले आहे.